नुसतं ‘खाजवू नको’ म्हणून भागत नाही

थंडी ओसरून दुपारच्या झळा जाणवू लागल्या की या सदराकडे ठराविक पत्रे येऊ लागतात. लोणच्याची, वाळवणाची आणि कांजिण्यांची. या वेळी त्यातले एक पत्र बाजूला काढून ठेवले, कारण त्यात एक नाही, तीन-चार प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत. पत्र धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरहून आले आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर नाव असलेले हे गाव. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे घरही भांडी घडवणाऱ्यांच्याच आळीत आहे.

त्या लिहितात: “मुलगा सहा वर्षांचा. कांजिण्या येऊन आज तिसरा दिवस. अंगभर फोड आहेत आणि रात्रभर खाजवतो. डोक्यातले दोन-तीन फोड खाजवून रक्त आले. सासूबाई म्हणतात, ‘मातानी किरपा शे’, तेव्हा आंघोळ नाही, नखे कापायची नाहीत, औषध तर नाहीच. धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे. धाकट्या जावेला पाचवा महिना लागला आहे, तिला माहेरी पाठवावे असे घरात चालले आहे. मला फक्त एवढेच सांगा, खाज कशी थांबवू?”

बाई, खाजेचे सांगतेच. पण तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मला खाजेपेक्षा मोठी वाटते. म्हणून आधी तुमच्या जावेबद्दल.

तिला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, हे आजच विचारा. नक्की होऊन गेल्या असतील, किंवा लसीच्या दोन्ही मात्रा झाल्या असतील, तर फारशी काळजी नाही. होऊन गेल्या नसतील, किंवा ‘आठवत नाही’ असे उत्तर आले, तर तिला फोड येण्याची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना कळवा. रक्त तपासून तिच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळते. नसेल तर संसर्ग झाल्यापासून दहा दिवसांच्या आत देता येणारे इंजेक्शन असते. कोणाला द्यायचे, कधी द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण दिवस वाया गेले तर त्यांच्याही हातात फारसे उरत नाही. गरोदर बाईला कांजिण्या आल्या तर फुप्फुसांना सूज येऊन तिच्या स्वतःच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या वीस आठवड्यांत गर्भाला इजा होण्याची शक्यता थोडी का होईना असते. आणि बाळंतपणाच्या आगेमागे आल्या तर नवजात बाळाचे हाल होतात. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत, म्हणून ‘चला, सगळ्यांनाच टोचून आणू’ असे करू नका.

माहेरी पाठवण्याबद्दल. मुलाच्या अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्याच्यापासून लागण होत असते. म्हणजे एका घरात राहणाऱ्या जावेला जे व्हायचे ते बहुधा होऊन गेले आहे. लागण झाल्यावर फोड दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात. तेवढ्यात ती माहेरी गेली, आणि तिथे भावजय किंवा शेजारीण दिवसांत असली, म्हणजे? तेव्हा आधी डॉक्टर, मग माहेर. दवाखान्यात जातानाही आधी फोन करून ‘घरात कांजिण्या आहेत’ असे सांगा. तिथल्या बाकावर पोटुशा बायका आणि तान्ही बाळे बसलेली असतात. सोनगीरहून महामार्गाने धुळे काही लांब नाही, तिथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गावातल्या डॉक्टरांनी तिकडे जायला सांगितले तर कंटाळा करू नका.

आता तुमचा बाळ. कांजिण्यांची खाज पहिले तीन-चार दिवस जोरात असते, कारण नवे फोड येतच असतात. अंगावर एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि वाळलेली खपली असे तिन्ही प्रकार दिसतात. पाठीपोटावर जास्त, हातापायांवर कमी. पाच-सात दिवसांत सगळ्या फोडांवर खपल्या धरतात आणि खाज उतरते. म्हणजे तुम्हांला लढायचे आहे ते चार-पाच रात्री. फोड आपण होऊन वाळला तर डाग सहसा राहत नाही. राहतो तो खाजवून फोडलेल्या फोडाचा आणि नखाने उचकटलेल्या खपलीचा. नखांतल्या मळातले जंतू आत गेले की पू धरतो, आणि मग साधा आजार साधा राहत नाही.

म्हणून खाजेवरचा पहिला उपाय नखांवर करायचा. कापून, कडा घासून गुळगुळीत करून, दिवसातून चार-पाच वेळा साबणाने हात धुवायचे. तुमच्या सासूबाईंचा विरोध कापण्याला आहे ना? मग त्यांच्यासमोर नेलकटर काढूच नका. नखे घासायची बारीक कानस बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळते, तिने रोज थोडी थोडी घासून काढा. ‘कापत नाही हो, नुसती कड मोडते’ असे म्हटले तर ते खोटेही नाही. रात्री हातांत सुती मोजे घाला. मोजे नसतील तर जुन्या मऊ धोतराच्या दोन पिशव्या शिवा, मनगटाशी सैल नाडी. सहा वर्षांचा मुलगा ‘मी काय बाळ आहे?’ म्हणून रुसेल. त्याला पिशवीवर वाघाचा पंजा काढून द्या.

दुसरा उपाय पाणी. ‘अंगावर पाणी पडलं की फोड आत जातात’ हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. फोड आत वगैरे जात नाहीत. घाम आणि उष्णता यांनी खाज वाढते, आणि तुमच्याकडे तर मार्चपासून पत्रे तापायला लागतात. अशा हवेत पोराला आठ दिवस न धुता, चादर पांघरून ठेवणे म्हणजे खाजेला खतपाणी घालणे. कोमटपेक्षा किंचित गार अशा बादलीभर पाण्यात खाण्याचा सोडा दोन मोठे चमचे विरघळवा आणि तांब्या-तांब्याने अंगावर सोडा. दहा मिनिटे पुरेत. दिवसातून दोन वेळा चालेल. खाण्याचाच सोडा बरं का, धुण्याचा नव्हे. तो कातडी जाळतो, आणि घाईत डबे बदलायला वेळ लागत नाही. पंचाने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. नळाला रोज पाणी येत नाही अशा घरी अर्ध्या बादलीतही भागते. तेवढेही नसले तर मलमलीचे फडके माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून, जिथे फार खाजते तिथे दहा मिनिटे ठेवा. ते गरम झाले की पुन्हा भिजवा. रात्री दोन वाजता उठून करता येण्यासारखा उपाय हाच, म्हणून निजताना फडके आणि वाटी उशाशी ठेवा.

आता शहरांतून दुकानात ओट्स मिळतात. ते बारीक दळून, फडक्यात पुरचुंडी बांधून आंघोळीच्या पाण्यात पिळले तर पाणी बुळबुळीत होते आणि कातडीला आराम पडतो. त्याऐवजी डाळीचे किंवा ज्वारीचे पीठ लावू का, असे एक-दोघींनी पूर्वी विचारले होते. नको. ते फोडांवर वाळून बसते आणि काढताना खपलीच निघून येते.

कडुनिंबाबद्दल मला तुमच्या सासूबाईंची बाजू घ्यायची आहे. आपल्याकडे अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवतात आणि पोर खाजवू लागले की त्या डहाळीने अंगावरून हळूच फिरवतात. ही रीत ज्या कोणा बाईने काढली ती शहाणीच म्हणायची. नुसते ‘खाजवू नको’ म्हणून पोर ऐकत नाही, हाताला दुसरे काहीतरी द्यावे लागते. मऊ पाला फिरवला की खाजेची हौस भागते आणि नखही लागत नाही. पाला कोवळा घ्या, धुऊन घ्या, रोज नवा घ्या. पाला उकळून, गाळून, पूर्ण निववून ते पाणी आंघोळीला घेतले तरी चालेल. त्याने कांजिण्या लवकर जातील अशी आशा धरू नका, तेवढा गुण त्यात नाही. पण पाल्याचा वाटून लेप फुटलेल्या फोडांवर थापू नका, आणि कडुनिंबाचे तेल मुलाच्या पोटात एक थेंबही जाऊ देऊ नका. ते तेल पोटात गेल्याने लहान मुले झटके येऊन अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी आहेत.

बाजारातल्या वस्तूंपैकी कॅलामाइन लोशन हे जुने गुलाबी औषध घरात असावे. बाटली हलवून, कापसाच्या बोळ्याने फोडावर टिपायचे, चोळायचे नाही. डोळ्यांजवळ, तोंडात, नाजूक जागी लावायचे नाही. थरावर थर चढवले की ते वाळून तडकते आणि त्यानेच खाज सुटते, म्हणून आंघोळीत आधीचे धुऊन मगच दुसरे लावा. झोपच येत नसेल तर खाज कमी करणारे पोटात घ्यायचे औषध डॉक्टर वजन पाहून देतात. कपाटातली मागच्या सर्दीची उरलेली बाटली त्या कामी वापरू नका. खपल्या धरल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते, तेव्हा खोबरेल तेलाचे बोट फिरवले तर बरे वाटते. पाणावलेल्या फोडांवर मात्र तेल नको.

आणि हे लावू नका: हळदीचा लेप, राख, चुना, कापूर घातलेले तेल, डोकेदुखीचा बाम, बोरिक पावडर, न पातळ केलेले जंतुनाशक. हळदीने एक तर फोड लाल झालाय की नाही तेच दिसेनासे होते. कापूर आणि बोरिक फुटक्या कातडीतून अंगात भिनतात, मुलांना ते बाधते. पण या सगळ्यांहून माझा राग आहे तो औषधांच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमावर. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवस दबते, पण कातडीची जंतूंशी झुंजायची ताकदही दबते. कांजिण्यांत ते घातक ठरू शकते.

ताप असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे विचारून. अ‍ॅस्पिरिन किंवा ते असलेली कुठलीही गोळी, पाण्यात फसफसणारी देखील, मुलाला कांजिण्यांत देऊ नका. त्याने क्वचित मेंदूला आणि यकृताला इजा करणारा आजार उद्भवतो. १९८० च्या दशकापासून जगभर त्याबद्दल इशारे दिले गेले आहेत. आयबुप्रोफेनही टाळा. त्यात आणि कातडीच्या गंभीर जंतुसंसर्गात संबंध आढळला आहे. लहान मुलांच्या तापाच्या काही बाटल्यांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

खाण्याचे पथ्य थोडक्यात सांगते. तोंडातही फोड असतात, तेव्हा ठेचा, शेवभाजी, आंबट-तिखट काही दिवस बंद. ज्वारीची पातळ आंबील, गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, गार दूध, आणि पाणी भरपूर. घरात फोडणी द्यायची नाही ही रीत पाळलीत तरी काही बिघडत नाही, तोंड आलेल्या पोराला बिनफोडणीचेच बरे वाटते. मीठ तोडू नका आणि उपाशी ठेवू नका, म्हणजे झाले.

आता सासूबाईंशी कसे बोलायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात ते सगळीकडे आहे. त्या सत्तरीच्या असतील तर त्यांच्या दंडावर देवी काढल्याचा वण असेल, जरूर पाहा. त्यांच्या लहानपणी देवीचा रोग जिवंत होता. घरात फोड दिसले की पोर वाचेल का, डोळे राहतील का, ही भीती असायची, आणि औषध नव्हतेच. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. त्या वर्षी सरकारने देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस लावले होते. १९७७ च्या एप्रिलमध्ये देश देवीमुक्त ठरला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. तो रोग गेला, पण त्याच्यासाठी बांधलेले नियम कांजिण्यांच्या गळ्यात पडले. देवीच्या खपल्यांतूनही रोग पसरत असे, म्हणून महिनाभर शिवाशीव नाही. कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरल्या की लागण संपते. त्या गळून पडेपर्यंत शाळा बुडवायची गरज नाही.

तेव्हा ‘तुमचं सगळं खोटं’ असे त्यांना म्हणू नका. ते खोटे नव्हतेच, दुसऱ्या रोगाचे होते. आणि बोलायचेच तर त्यांच्याच देवीच्या शब्दांत बोला. तिचे नाव शीतळा. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला आपण चूल पेटवत नाही, आदल्या दिवशीचे गार जेवतो. चित्रातही तिच्या हातात पाण्याचा कलश आणि केरसुणी असते, आणि कडुनिंब तर तिचाच. जिला गार आवडते, स्वच्छ आवडते, तिच्या लेकराला गार पाण्याने निववले तर ती का रागावेल? दिवा लावू द्या, नैवेद्य दाखवू द्या, त्याने मुलाचे काही वाईट होत नाही. कडुनिंबाच्या पाण्याचे फडके त्यांच्याच हाती द्या. नातवाच्या पाठीवरून ते फिरवताना त्या तासभर बसतील, गोष्टी सांगतील, आणि तेवढा वेळ पोराचे हात रिकामे राहणार नाहीत. आळीत दिवसभर हातोड्यांचे ठोके पडतात तर ठोके मोजायचा खेळ लावा. शंभरापर्यंत न खाजवता मोजले की पुढची गोष्ट. तुम्हांलाही तेवढी डुलकी मिळेल, तीन रात्रींची झोप गेलेली आहे ना तुमची!

एका बाबतीत मात्र कोणाचेही ऐकून थांबू नका. फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज आली, पू झाला, ताप चार दिवसांवर गेला किंवा उतरून पुन्हा चढला, मूल सारखे ओकू लागले, गुंगीत राहू लागले, चालताना तोल जाऊ लागला, मान ताठली, धाप लागली किंवा डोळ्यात फोड आला, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे. तान्हे बाळ, कुठल्याही कारणाने स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधे चालू असलेले मूल, आणि मोठी माणसे यांना कांजिण्या आल्या तर पहिल्याच दिवशी. नवऱ्याला लहानपणी झाल्या नसतील तर त्यालाही वेगळे निजवा. मोठेपणी हा आजार जास्त झोडपतो.

दोन वर्षांच्या मुलीचे राहिले. भावाला फोड दिसल्यापासून तीन ते पाच दिवसांत तिला लस टोचली तर कांजिण्या टळतात किंवा सौम्य येतात. तुमचा आज तिसरा दिवस, म्हणजे जावेच्या फोनमध्येच हेही विचारा. ही लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी या डॉक्टरांनी १९७४ मध्ये तयार केली. आपल्याकडे ती सरकारी मोफत लसीकरणात नाही, खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. बालरोगतज्ज्ञांची संघटना पंधराव्या महिन्यापासून पुढे दोन मात्रा द्यायला सांगते. परवडत असेल तर वाढदिवसाचा झगा एक कमी घ्या.

आणि एक बारीकसे काम आजच करून टाका. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर, मागच्या बाजूला, पेनने लिहा: ‘कांजिण्या’, महिना आणि वर्ष. मुलीला आल्या किंवा लस दिली तर तिच्या कार्डावरही लिहा आणि ते कार्ड तिच्या लग्नात तिच्या हाती द्या. जावेच्या आईला फोन करून पाहा. बहुतेक माऊल्यांचे उत्तर एकच असते: “काहीतरी आलं होतं खरं, पण गोवर होता की कांजिण्या, ते आता आठवत नाही.”